डिस्नी वर्ल्ड ११ जुलैला उघडतंय, लेकीला घेऊन जावं का? आणि असं पार्क खरंच सुरक्षितपणे उघडता येतं का?

चिंगीची_आई (अटलांटा) | २८ जून २०२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण घरात रोज याच विषयावर चर्चा चाललीये आणि निर्णय काही होत नाहीये.

आमचं स्प्रिंग ब्रेकचं (शाळेच्या मार्चमधल्या सुट्टीचं) फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डिस्नी वर्ल्डचं बुकिंग होतं. १७ मार्चला निघणार होतो, बॅगा भरलेल्या, आणि १५ तारखेच्या रात्री कोरोनामुळे ऑरलँडोचं सगळं बंद झालं. लेक सात वर्षांची आहे. तिने दारामागे कॅलेंडर लावलं होतं, रोज झोपताना एक फुली मारायची. ते कॅलेंडर तिने अजून काढू दिलेलं नाही, १५ मार्चपर्यंत फुल्या आहेत आणि पुढचे चौकोन कोरे.

आता डिस्नी म्हणतंय ११ जुलैला मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम उघडणार, १५ ला एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज, हे चारही डिस्नी वर्ल्डच्या आतलेच पार्क. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क, गेटवर ताप बघणार, १००.४ किंवा वर असेल तर परत पाठवणार, आधीच दिवस राखून ठेवायचा, परेड नाही, आतषबाजी नाही, मिकीला मिठी नाही, लांबूनच हात हलवायचा. आमची तिकिटं आहेतच, त्यामुळे दिवस मिळू शकतो.

अडचण अशी की सासू-सासरे जानेवारीत पुण्याहून आलेत, मे मध्ये परत जायचे होते, विमानंच बंद झाली. वंदे भारतच्या, म्हणजे अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या सरकारी फ्लाइटसाठी नाव नोंदवलंय, नंबर कधी लागेल देव जाणे. बाबा ७२ वर्षांचे, डायबेटिस आहे, बायपास झालेली. ते स्वतः म्हणतात तुम्ही जाऊन या, आम्ही घरी थांबतो, पोरीचं मन मोडू नका. पण आम्ही आलो की त्याच घरात येणार ना.

नवरा म्हणतो एवढी मोठी कंपनी आहे, सगळा विचार करूनच उघडत असतील. मला ते पटतं पण आणि पटत पण नाही. फक्त "जा" किंवा "नको" एवढंच नका सांगू, ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा नीट सांगा की धोका नक्की कुठे असतो.

जर्सीचा_वाटसरू | २८ जून २०२०

ताई, मी एअर कंडिशनिंगच्या डिझाइनमध्ये काम करतो, थीम पार्कचं नाही पण मॉल आणि थिएटरचं केलंय, त्यावरून सांगतो.

लोकांना वाटतं राइड धोक्याची. उघड्यावरच्या राइडचं मला सगळ्यात कमी वाटतं, वारा एवढा असतो की तुमचा श्वास तिथे थांबतच नाही, शिवाय दोन-तीन मिनिटात उतरता. धोका आहे तो रांगेत. पाऊण तास तुम्ही त्याच माणसांच्या मागे नागमोडी वळणं घेत उभे, आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात बऱ्याच रांगा आत, एसीमध्ये. एसी गार करायला आतलीच हवा फिरवून फिरवून वापरतो, बाहेरची हवा जितकी जास्त घ्याल तितकं बिल वाढतं. त्यामुळे तिथे विचारायचे प्रश्न हे की बाहेरची हवा किती घेताय आणि फिल्टर कुठला आहे, मर्व्ह १३, म्हणजे बारीक कण अडवणारा आहे का. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. जाहिरातीत सॅनिटायझरच्या बाटल्या असतात कारण त्या फोटोत दिसतात, हवा दिसत नाही.

ताप तपासण्यावर फार भिस्त ठेवू नका. लक्षणं यायच्या आधी दोन दिवस माणूस पसरवू शकतो, काहींना ताप येतच नाही. ते एक गाळणं आहे आणि त्याची भोकं मोठी आहेत.

खरी गोष्ट एकच, आत किती माणसं सोडता. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून. शांघायचं डिस्नीलँड ११ मे ला उघडलं तेव्हा सरकारने मर्यादा घातली होती ३० टक्के, म्हणजे दिवसाला २४,००० माणसं, आणि डिस्नीने सुरुवात त्याच्याही खाली केली, वर प्रत्येकाचा फोनमधला हेल्थ कोड (संसर्गाचा धोका आहे का ते रंगाने दाखवणारा) हिरवा असल्याशिवाय आत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेव्हा शहरात केसेस जवळपास नव्हत्या. फ्लोरिडात आत्ता उलटं चाललंय, रोज आकडा वर जातोय. पार्क कितीही छान चालवलं तरी ते त्या शहरातच असतं ना.

आणि अटलांटाहून तुम्ही गाडीने जाणार, सहा-सात तास, म्हणजे गॅस स्टेशन, रेस्टरूम, हॉटेलची लिफ्ट हे पण धरा.

ऑरलँडोची_मावशी | २९ जून २०२०

आम्ही इथेच राहतो, युनिव्हर्सलचा (इथलंच दुसरं मोठं थीम पार्क) पास आहे, ते ५ जूनला उघडलं आणि मी गेल्या आठवड्यात मंगळवारी जाऊन आले, एकटी, मुद्दाम बघायला. जे दिसलं ते सांगते.

पार्किंगमध्ये एक आड एक गाडी. राइडला बसायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर घालतात, न चुकता, माझ्या हाताची सालं निघायची वेळ आली. मधल्या ओळी रिकाम्या सोडतात. मास्क काढून बसायला वेगळ्या जागा केल्यात, ते मला फार आवडलं, कारण ९४ डिग्री फॅरनहाइटमध्ये दिवसभर मास्क ठेवणं सोपं नाही आणि माणसाला काढायला जागा दिली नाही तर तो कुठेही काढतो. सकाळी अकरापर्यंत सगळे शहाण्यासारखे वागत होते. दुपारी दोन नंतर नाकं बाहेर. तीनच्या पावसात सगळे एका छपराखाली पळाले आणि सहा फुटांचे स्टिकर पायाखाली गेले, मी तिथून निघून पावसात भिजत गाडीपर्यंत आले.

फ्लोरिडात जुलैत रोज दुपारी पाऊस येतो. पावसात माणसं कुठे उभी करणार याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तुझी चिंगी लहान आहे ग, थोडं थांब असंच म्हणेन.

तोक्योवारी | ३ जुलै २०२०

आमच्याकडे तोक्यो डिस्नीलँड परवा १ जुलैला उघडलं, २९ फेब्रुवारीपासून बंद होतं. तिकीट फक्त ऑनलाइन आणि फक्त त्या दिवसाचंच, गेटवर मिळत नाही. मी गेलो नाही पण शेजारच्या काकू गेल्या, त्या दर आठवड्याला जाणाऱ्यातल्या आहेत. त्यांनी सांगितलं की गेटपासून आतपर्यंत कर्मचारी लांबून दोन्ही हात हलवत उभे होते आणि बरेच लोक रडत होते. मला ऐकूनच भरून आलं.

जपानच्या थीम पार्कांच्या संघटनांनी मे अखेरीला जे नियम काढले त्यात एक असा की रोलर कोस्टरवर ओरडू नका, कारण ओरडताना तोंडातून थेंब जास्त उडतात. जग हसलं त्याला. मग फुजी-क्यू या इथल्या थीम पार्कवाल्यांनी दोन साहेब सूट-बूट मास्कमध्ये कोस्टरवर बसवले, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि शेवटी लिहिलं, कृपया मनातल्या मनात ओरडा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उगाच ओरडू नका म्हणण्यापेक्षा स्वतः बसून दाखवलं. नियम करणाऱ्याने आधी स्वतः पाळून दाखवला की लोक पाळतात.

इथे मास्कची सवय आधीपासून आहे, सर्दी झाली तरी माणूस लावून ऑफिसला जातो. त्यामुळे इथलं तिथे जसंच्या तसं होईल असं नाही, ते ध्यानात घ्या.

घाटाखालचा | ५ जुलै २०२०

मी रायगड जिल्ह्यातला, एका पार्कमध्ये राइड ऑपरेटर आहे, नाव लिहीत नाही. इथे सगळे पाहुण्यांच्या बाजूने लिहितायत, चूक नाही, पण आमची बाजू पण ऐका.

जर्सीवाले दादा म्हणाले राइड कमी धोक्याची. बसणाऱ्याला असेल. आमचं काम काय तर माणूस बसला की त्याच्या मांडीवरचा बार खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा लॉक झालाय का, पट्टा खेचून बघायचा. हे नजरेने होत नाही, हात लावूनच करावं लागतं, त्यात कसूर झाली तर माणूस मरतो. म्हणजे वाकायचं, तोंड त्याच्या तोंडापासून हातभर. एका फेरीला २० माणसं, तासाला १५ फेऱ्या धरा, तासाला ३०० वेळा वाकायचं. आणि माणसं तेव्हा गप्प नसतात, घाबरलेली असतात, ओरडतात, हसतात, देवाचं नाव घेतात, पोरं रडतात. तुम्ही वर्षातून एकदा येता, आम्ही रोज, तासाला ३०० जणांच्या श्वासात वाकतो.

म्हणून मास्क पाहुण्याने लावायचा तो माझ्यासाठी. माझा मास्क त्याच्यासाठी. हे कुणी बोर्डावर लिहीत नाही, बोर्डावर लिहितात "तुमच्या सुरक्षेसाठी".

दुसरं, मशीन. लोकांना वाटतं कुलूप काढलं की पार्क सुरू. इथे जूनपासून पाऊस असा की भिंतीला शेवाळं येतं. मार्चपासून राइड उभ्या आहेत. आम्हाला चौघांनाच ठेवलंय मेंटेनन्सला, बाकी सगळे घरी. रोज चेन थोडी फिरवून ग्रीस मारतो नाहीतर ती जागेवर धरून बसते. ब्रेकच्या पट्ट्यांवर गंज, सेन्सरच्या डबीत पाणी, परवा एका पॅनलमध्ये उंदरांनी वायर कुरतडलेली सापडली आणि कोस्टरच्या खालच्या खड्ड्यात नाग. उघडायच्या आधी सीटवर पाणी भरलेले डमी बसवून रिकाम्या फेऱ्या घ्याव्या लागतात, एक दोन नाही, कित्येक, आणि प्रत्येक फेरीनंतर बोल्ट बघायचे. घाईत कुणी उघडलं तर कोरोनाच्या आधी यानेच माणूस जाईल.

वॉटर पार्कचं तर विचारूच नका. तलाव रिकामा ठेवला तर फरशा उखडतात, भरून ठेवला तर पाणी साचून डेंग्यूचे डास. मग क्लोरीन घालत पंप चालू ठेवायचा, वीजबिल येतंच, पाहुणा एक नाही. पाण्यातून हा रोग पसरतो असं कुठे दिसलेलं नाही म्हणतात, पण चेंजिंग रूम आणि लॉकरसमोरची गर्दी बघितलीय का कधी मे महिन्यातल्या रविवारी?

सीझन आमचा मार्च ते जून, शाळेच्या सुट्टीत वर्षाचा पैसा. तो गेला. माझ्याबरोबरचे दोघे भाजी विकतात. त्यामुळे बंदच ठेवा असं मी म्हणू शकत नाही. उघडा, पण ज्याला खोकला आहे त्या ऑपरेटरला सुट्टी द्या आणि पगार कापू नका. पगार कापला की तो खोकला दाबून कामावर येणार. मी पण येईन. घरी दोन पोरं आहेत.

चिंगीची_आई | ५ जुलै २०२०

दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. नवरा काही बोलला नाही, बाबा बराच वेळ गप्प बसले. बार ओढून बघणाऱ्या माणसाचा मी कधी विचारच केला नव्हता, एवढ्या वेळा बसलेय तरी एकाचाही चेहरा आठवत नाही.

जर्सीचा_वाटसरू | १० जुलै २०२०

घाटाखालच्या दादांना पूर्ण अनुमोदन, मी बसणाऱ्याचाच हिशेब केला होता, ती माझी चूक.

एक नवीन. ६ जुलैला २३९ शास्त्रज्ञांचं पत्र प्रसिद्ध झालं, डब्ल्यूएचओला उद्देशून, की हा विषाणू हवेत तरंगूनही पसरतो हे मान्य करा. काल डब्ल्यूएचओने तशी शक्यता असल्याचं मान्य केलंय. म्हणजे सहा फूट आणि हात धुणं पुरत नाही, बंद जागेची हवा बदलावीच लागेल. झपाटलेल्या वाड्यासारख्या राइडमध्ये आधी एका खोलीत सगळ्यांना कोंडून गोष्ट सांगतात, ते आधी बंद करायला हवं, लोकांना थेट आत चालवत न्यावं.

तसंच, २०१४ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधून गोवर पसरला होता, शंभराहून जास्त जणांना, वेगवेगळ्या राज्यांत. गोवर हवेतूनच जातो. एका पार्कात चारी दिशांची माणसं येतात आणि चारी दिशांना घेऊन जातात, हे तेव्हाच दिसलं होतं.

नाइट_शिफ्ट | १३ जुलै २०२०

मी फ्लोरिडात नर्स आहे, शहर सांगत नाही. शनिवारी मॅजिक किंगडम उघडलं आणि रविवारी राज्याचा एका दिवसाचा आकडा आला १५,२९९. तोवर देशात कुठल्याच राज्यात एका दिवसात एवढ्या केसेस आल्या नव्हत्या. हे पार्कमुळे झालं असं मी म्हणत नाही, ते शक्यच नाही, एका दिवसात आकडा येत नसतो, हे लोक दोन आठवड्यांपूर्वी आजारी पडलेत. पण ज्या दिवशी हा आकडा येतो तो दिवस दरवाजे उघडायचा नव्हे.

पार्कच्या आत नियम कडक आहेत म्हणतात, खरं असेल. चांगलं आहे. पण काम करणाऱ्यांपैकीच काहींनी पिटिशन केलं होतं की उद्घाटन पुढे ढकला, आणि कलाकारांची युनियन नियमित टेस्ट मागत होती. आमच्याकडेही मास्क पुरत नव्हते तेव्हा आम्ही मागत होतो. आत काम करणारा माणूस काहीतरी मागतोय तर तो वेडा नसतो, त्याला काहीतरी दिसत असतं.

ताई, बाबांची बायपास झालीये म्हणालात. माझ्या वॉर्डात सध्या त्यांच्याच वयाची माणसं आहेत आणि बरेचसे घरातल्या तरुण माणसाकडून आलेत. नातवंडांचे फोटो टॅबवर दाखवते मी त्यांना. नका जाऊ. पार्क कुठे जात नाही.

चिंगीची_आई | १६ जुलै २०२०

नाही जात आहोत. तिकिटं पुढच्या वर्षावर टाकली. चिंगी रडली, मग तिने विचारलं की बार ओढणाऱ्या काकांना पण घरी बसवलंय का. काय सांगणार. हाँगकाँगचं डिस्नीलँड १८ जूनला उघडलेलं कालपासून पुन्हा बंद झालं हे पण वाचलं, आणि कॅलिफोर्नियाचं तर उद्या, त्यांच्या ६५ व्या वाढदिवसाला उघडणार होतं, ते उघडतच नाहीये.

बाबांचा वंदे भारतचा नंबर लागला, ३० तारखेचं विमान आहे.

अनाहाइमचा_शेजारी | ३० एप्रिल २०२१

जुना धागा वर काढतोय, माफ करा, पण आज लिहावंसं वाटलं.

आज आमचं कॅलिफोर्नियाचं डिस्नीलँड उघडलं, ४१२ दिवसांनी. मी गेटपासून दोन मैलांवर राहतो. इथल्या मुलांना झोपायची वेळ घड्याळावर कळत नाही, आतषबाजीचा आवाज आला की अंथरुणात जायचं. वर्षभर तो आवाज नव्हता. आजही नाही, आतषबाजी अजून बंदच ठेवलीये, आणि फक्त कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनाच प्रवेश, पाव क्षमतेने.

इथे राज्याने घाई केली नाही. काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) केसेस बघून रंग ठरवले, जांभळा, लाल, नारिंगी, पिवळा, आणि कुठल्या रंगात किती टक्के माणसं हे आधीच सांगितलं. लालमध्ये १५, नारिंगीत २५, पिवळ्यात ३५. कंपनी चिडली, सप्टेंबरमध्ये २८,००० लोकांना काढलं त्यात इथलेही आले, आमच्या गल्लीतल्या दोघी गेल्या, एक तिथे १९ वर्षं पोशाख शिवत होती. हे दुःख मी बघितलंय, त्यामुळे थांबणं फुकट झालं असं कुणी म्हणू नये. तरी मला राज्याचं बरोबर वाटतं, कारण नियम आकड्याला बांधलेला होता, तारखेला नाही.

जानेवारीत याच पार्किंगमध्ये लसीकरण सुरू झालं. सासरे सत्तरीचे, त्यांना मी घेऊन गेलो. जिथे गाड्यांची रांग लागते तिथे तंबू आणि खुर्च्या. लस घेऊन १५ मिनिटं बसायचं होतं, ते मान वर करून लांबचा, पार्कातला मॅटरहॉर्नचा नकली डोंगर बघत बसले. म्हणाले, पहिल्यांदा आलो तेव्हा तिकीट महाग म्हणून बाहेरूनच बघितला होता.

आज मी आत जाऊ शकलो असतो, तिकीट होतं. नाही गेलो. सकाळपासून नाशिकच्या ग्रुपवर ऑक्सिजन बेडचे मेसेज येतायत, मावसभावासाठी इथून फोन लावत बसलोय. घाटाखालचे दादा, तुम्ही वाचत असाल तर कसे आहात ते कळवा.

चिंगीची_आई | १ मे २०२१

दादा, भावाला बेड मिळाला का? पिंपरी-चिंचवडमधल्या ओळखी चालणार असतील तर मला मेसेज करा. नाशिकमध्येही एक डॉक्टर मैत्रीण आहे, तिला आत्ता विचारते. बाबा पुण्यात बरे आहेत, पहिला डोस झालाय.

अनाहाइमचा_शेजारी | २ मे २०२१

मिळाला ताई, काल रात्री, सिन्नरला. ऑक्सिजनवर आहे. आभार.

घाटाखालचा | २० ऑक्टोबर २०२१

उशिरा बघितलं, लॉगिन विसरलो होतो. मी बरा आहे. मे मध्ये आई गेली, घरात सगळ्यांना झाला होता. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

२२ तारखेपासून राज्याने परवानगी दिली, मोकळ्या जागेतल्या कोरड्या राइड फक्त, पाण्यातल्या नाहीत. बरोबर केलं असं माझं मत, पाण्याचं चेंजिंग रूममुळे अवघड आहे. मधे उघड-बंद झालं त्यात बरेच ऑपरेटर परत आलेच नाहीत, नवीन पोरं घेतलीत, त्यांना बार ओढायला शिकवतोय. मी त्यांना सांगतो की तोंड बाजूला करून ओढा, पाहुण्याचा मास्क खाली असेल तर बार लावायच्या आधी सांगा, लावल्यावर नाही, एकदा लॉक झाला की तो ऐकत नाही. खोकला आला तर सुट्टी, पगार चालू, हे यावेळी साहेबांकडून लिहून घेतलंय. चार दिवस भांडलो त्यासाठी.

चिंगीला सांगा काका कामावर आहेत. आज डमीच्या चाळीस फेऱ्या झाल्या, सहाव्या डब्याच्या चाकाचा आवाज येतोय म्हणून तो उतरवलाय. उद्या सकाळी सातला परत बोलावलंय.